घर गार, घर उबदार

चैत्र सरतो, वैशाख लागतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ऊन रणरणू लागते. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. जनावरे लिंबाच्या सावलीला जाऊन बसतात. माणसेही सावली शोधतात.

मग पौष महिना येतो. रात्री थंडी अंगाला झोंबते. पारा दहा अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली उतरतो. शेजारच्या परभणीला तर काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेला आहे. पहाटे उठून जो तो आगटीपाशी बसतो.

उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही आपल्याला एकाच घरात काढायचे असतात. ऊन आले म्हणून घर अंगावरून काढता येत नाही. थंडी पडली म्हणून दुसरे पांघरता येत नाही. मग एकच घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहील काय? राहील. आपल्या वाडवडिलांनी तशी घरे बांधली होती. त्या घरांत काही गुण होते, तसे काही दोषही होते. गुण ठेवावेत, दोष काढावेत. ते कसे करायचे, हे या धड्यात पाहू.

१. जुने घर कसे असे?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत जुने वाडे अजून उभे आहेत. दारातून आत गेले की ढाळज लागते. पुढे चौक असतो. चौकाच्या भोवती ओसरी असते. ओसरीच्या आत माजघर आणि स्वयंपाकघर असते.

भिंती दोन-दोन फूट रुंद. काही वाड्यांच्या तर त्याहूनही जास्त. भिंतीला माती वापरत ती गावठाणातली, पांढरी. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पांढरी माती तसे करत नाही.

वरचे छत धाब्याचे. कोणी त्याला माळवद म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया टाकत. तुळयांवर लाकडाच्या कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पालापाचोळा किंवा तुराट्या, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छतात मध्येच एक भोक ठेवत. त्याला साणे किंवा सवणे म्हणतात. त्यातून उजेड आत येई आणि धूर व गरम हवा बाहेर जाई.

२. उष्णता घरात कशी शिरते?

उष्णता तीन वाटांनी चालते. तिन्ही वाटा तुम्हाला ठाऊक आहेत.

पहिली वाट स्पर्शाची. उलथने तव्यावर ठेवले की थोड्या वेळाने त्याची दांडीही चटका देते.

दुसरी वाट हवेची. चुलीवरची हवा तापते, हलकी होते आणि वर जाते. धूर वर जातो तो त्यामुळेच.

तिसरी वाट किरणांची. आगटीपुढे बसले की तोंड भाजते आणि पाठ गार राहते. आगीचे किरण समोरून येतात ते तोंडाला लागतात. पाठीला लागत नाहीत.

आता घराकडे पाहा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच पडते. म्हणजे त्या दिवसांत उन्हाचा सगळा मारा भिंतींपेक्षा छपरावर होतो. घर तापते ते आधी वरून. दुसरा मारा पश्चिमेच्या भिंतीवर. उतरते ऊन तिच्यावर सरळ येते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खर्च करायचा तर आधी छपरावर करा. मग पश्चिमेच्या भिंतीवर.

आता पापड आणि रोडगा आठवा. पापड निखाऱ्यावर धरला की क्षणात भाजतो. रोडग्याला वेळ लागतो. बाहेरून तो करपला तरी आत कच्चाच असतो. पत्रा म्हणजे पापड. मातीची जाड भिंत म्हणजे रोडगा. दुपारचे ऊन जाड भिंतीत हळूहळू शिरते. आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते. रात्री बाहेर हवा गार असते. तेव्हा दारे-खिडक्या उघडायच्या आणि ती ऊब बाहेर घालवायची. सकाळी पुन्हा सगळे बंद करायचे. भिंत रात्रभर गार झालेली असते, ती दिवसभर गारवा देते.

म्हणूनच आपल्या आजी उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजताच खिडक्या लावून घेत. आणि माणसे रात्री माळवदावर किंवा अंगणात निजत. यात मोठे शहाणपण होते.

औंढ्याला तुम्ही गेला असाल. नागनाथाच्या देवळाबाहेर फरशीवर दुपारी पाय भाजतात. आत पाऊल टाकले की जीव थंडावतो. कारण तेच. दगडाच्या जाड भिंती.

छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की आहे. ती सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची. तिथे पाण्याचे मोठे टाके आहे, आणि त्या टाक्याच्या खाली एक मोठे दालन आहे. टाक्याचा तळ हेच दालनाचे छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही दालन गार राहते. वीज नव्हती, यंत्र नव्हते. तरी माणसांनी गारवा साधला होता.

३. पत्रा टाकावा काय?

एका घरात असे बोलणे चालले होते. तुमच्याही घरात ते झाले असेल.

नातू म्हणाला, "आबा, धाबं लई जुनं झालं. दर पावसाळ्यात गळतंय. पाडून टाकू. वर पत्रे टाकू. दोन दिवसांत काम व्हतंय."

आबा म्हणाले, "लेकरा, पत्र्याखाली उन्हाळा काढून पाहिलास का? तुझ्या मामाच्या घरी दुपारी बसवत न्हाई. भट्टी असती भट्टी."

नातू म्हणाला, "पण आबा, किल्लारी इसरलात का? ह्या मातीखालीच माणसं गेली."

आबा गप्प बसले. मग सूनबाई म्हणाली, "मामंजी, दोघांचंही खरं हाय. पत्र्याखाली दुपारी लेकराला निजवता येत न्हाई. अन् धाब्याखाली रात्री धरणी हालली तर काय, हे भ्याव वाटतंय. ह्याच्यातून वाट कामून निघू नये?"

सूनबाईने नेमका प्रश्न विचारला. जुने धाबे गार असते, पण जड असते. पत्रा हलका असतो, पण तापट असतो. भर उन्हात पत्रा साठ अंशांच्याही पुढे तापतो. मग तो आगटीसारखे किरण खाली फेकतो. खाली बसलेल्या माणसाचे डोके तापते. पंखा लावला तर तो गरम हवाच फिरवतो.

४. किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ हा दिवस मराठवाडा विसरणार नाही. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

इतकी माणसे का गेली? धरणी हालली हे खरे. पण माणसे मेली ती घरांखाली. भिंती दगड आणि मातीच्या होत्या. बाहेरचे दगड आणि आतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. भिंत हालली तशी ती दोन्हीकडे फुटली. वरून मातीचे जड छत खाली आले.

छत इतके जड कसे झाले? दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, ही आपली रीत. जुनी माती कोणी काढत नाही. नवी मात्र दर वर्षी पडते. आता हिशेब करा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी खोली घ्या. तिच्यावर एक इंच माती टाकली तर तिचे वजन जवळजवळ चार क्विंटल भरते. असे बारा थर साचले की एक फूट माती होते. म्हणजे पंचेचाळीस क्विंटलांच्या आसपास ओझे. आपण त्याच्या खाली झोपतो! तुळईला आतून वाळवी लागली असेल तर ते ओझे कशावर उभे आहे?

भूकंप फक्त लातूरकडेच होतो असेही नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ ला तेवढाच धक्का पुन्हा बसला. मोठी हानी झाली नाही. पण इशारा मिळाला. तो ऐकला पाहिजे.

याचा अर्थ जुने घर वाईट, असा नव्हे. मातीच्या भिंतीत गारवा आहे, तो गुण. छतावरचे फाजील ओझे आणि सुटी भिंत, हा दोष. दोष काढता येतो.

५. धाब्याची दुरुस्ती

पहिले काम : छतावरची फाजील माती काढा. काढताना घरात कोणी थांबू नये. एका बाजूची सगळी माती एकदम काढू नका. चारी बाजूंनी सारखी काढत या. किती थर ठेवायचा, हे जाणत्या गवंड्याला विचारा. पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवता आले तर फार चांगले.

दुसरे काम : गळती थांबवा. मातीच्या थराखाली जाड प्लॅस्टिकचे कापड अंथरा. छताला उतार ठेवा. पन्हाळ मोकळी ठेवा. गळती थांबली की दर वर्षी नवी माती टाकायची गरज उरत नाही.

तिसरे काम : लाकूड तपासा. तुळईवर आणि खांबावर ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे. असे लाकूड बदला. खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे तिरका लाकडी टेकू घट्ट ठोका. धक्का बसला तरी सांधा सहज सुटत नाही.

चौथे काम : दगडी भिंतीला ठिकठिकाणी आरपार जाणारा लांब दगड बसवून घ्या. त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. भिंतीला पोट आले असेल, म्हणजे ती मधे फुगली असेल, तर त्या खोलीत झोपू नका. आधी गवंडी बोलवा.

किल्लारीनंतर सरकारने मराठवाड्यातल्या गावोगावी घरे मजबूत करण्याची मोहीम घेतली होती. तीत अशीच कामे केली गेली. ही कामे गावातला गवंडी आणि सुतार करू शकतात.

६. पत्र्याचे आणि स्लॅबचे घर

धाबे पार मोडकळीला आले असेल तर ते उतरवावेच लागते. अनेकांची घरे आधीच पत्र्याची आहेत. घरकुलाची घरे स्लॅबची आहेत. त्यांनी काय करावे?

पत्र्याला आणि स्लॅबला पांढरा रंग द्या. काळे घोंगडे उन्हात तापते, पांढरे धोतर तितके तापत नाही. छपराचेही तसेच आहे. पांढरा रंग उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवतो. गुजरातेत अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून माणसे वाचवण्याची योजना सुरू केली. पुढे तिथे गरिबांच्या घरांच्या छपरांना पांढरा चुना दिला गेला. अशा छपराखालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहते, असा अनुभव आहे. दोन अंश थोडे वाटतात. पण तान्ह्या लेकराला आणि म्हाताऱ्या माणसाला ते फार असतात.

चुना असा द्यावा. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजू द्या. विझताना तो उकळतो. म्हणून पोरांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. सकाळी तो कापडाने गाळा. त्यात थोडा डिंक मिसळा, म्हणजे तो धरून राहतो. छप्पर झाडून धुऊन घ्या. मग एकावर एक दोन हात द्या. हे काम होळी ते पाडवा या दिवसांत करा. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. गुळगुळीत नव्या पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तिथे छपराचा पांढरा रंग मिळतो, तो लावा.

पत्र्याखाली दुसरे छत करा. तुराट्यांच्या किंवा बांबूच्या ताट्या पत्र्यापासून वीतभर खाली बांधा. मधल्या जागेतली हवा उष्णता अडवते. दोन टोकांना ती जागा उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. मात्र चुलीच्या वर ताट्या बांधू नका. ठिणगी उडाली तर घर पेटेल.

पत्र्यावर ओझ्यासाठी दगड ठेवू नका. वादळात आणि भूकंपात तेच दगड डोक्यात पडतात. पत्रा हूक आणि नटबोल्टने घट्ट बसवा.

पश्चिमेच्या भिंतीला सावली करा. दोडका, भोपळा, कारले यांचा मांडव घाला. भाजी मिळते आणि भिंतही गार राहते. भिंतीपासून थोडे दूर लिंबाचे झाड लावा. ते तुमच्या नातवंडांना सावली देईल.

७. माठ, वाळा आणि कूलर

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. पाझरलेले पाणी हवेत उडून जाते. उडताना ते उष्णता घेऊन जाते. आधणाचे उदाहरण घ्या. तांब्याभर गार पाणी उकळायला जितका जाळ लागतो, त्याच्या सहा पटींहून अधिक जाळ ते सगळे पाणी आटवायला लागतो. पाण्याला उडून जायला इतकी उष्णता लागते. ती माठातून घेतली तर माठ गार होतो. खोलीतून घेतली तर खोली गार होते.

पूर्वी श्रीमंतांच्या वाड्यात वाळ्याच्या ताट्या दारांना बांधत आणि त्यांवर पाणी शिंपडत. आजचा कूलर म्हणजे तीच वाळ्याची ताटी. फक्त पाणी पंप शिंपडतो आणि वारा पंखा देतो.

कूलर वापरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक नसते. ते कूलर खोलीच्या मधे ठेवतात आणि दारे-खिडक्या लावून घेतात. थोड्या वेळात हवा दमट होते, अंग चिकचिकते. कूलर खिडकीत ठेवावा. त्याचे तोंड आत आणि पाठ बाहेर असावी. समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी. कोरडी हवा बाहेरून येते, दमट हवा समोरून जाते. चैत्र-वैशाखात कूलर चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. पावसाळ्यात तो उपयोगी पडत नाही, कारण हवेतच पाणी भरलेले असते.

गावात टँकर येत असेल तर कूलरला पाणी कुठून आणणार? अशा वेळी वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला ओली चादर पिळून बांधा. पाणी थोडे लागते आणि गारवा मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात. विजेची तार कुठे उघडी पडली तर कूलरचा सगळा पत्रा वीज घेतो. ओल्या पायांनी त्याला हात लावला की जीव जातो. कितीतरी लेकरे अशी गेली आहेत. म्हणून हा नियम भिंतीवर लिहून ठेवा : आधी प्लग काढा, मग पाणी घाला. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग तीन पिनांचा असावा. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच मिळतो, तो बसवावा. आणि आठवड्यातून एकदा कूलरची टाकी रिकामी करून कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

८. वातानुकूल यंत्र, म्हणजे एसी

१९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवा गार आणि कोरडी करण्याची यंत्रणा आखली. ती माणसांसाठी नव्हती. एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता, त्यासाठी होती. तीच पुढे घराघरांत आली.

आता हिशेब पाहा. पंचाहत्तर वॅटचा साधा पंखा एका युनिटात तेरा तास चालतो. कमी वीज खाणारे नवे पंखे एका युनिटात तीस तासांहून जास्त चालतात. कूलर सुमारे पाच तास चालतो. दीड टनाचा एसी मात्र भर उन्हात तासाला सुमारे दीड युनिट खातो. म्हणजे एसीच्या एका तासात साधा पंखा वीस तास चालला असता.

जुन्या वाड्यात तर आणखी अडचण आहे. छत उंच, दारे सैल, वर साणे उघडे. एसीची गार हवा निघून जाते. सगळा वाडा गार करू म्हटले तर बिल भरता भरता घर विकावे लागेल! एसी घ्यायचाच असेल तर एक छोटी खोली निवडा. तिच्या फटी बुजवा. तिच्या छपरावर चुना द्या. यंत्र चोवीस अंशांवर ठेवा. भारतात १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना चोवीस अंशांवरच असावेत, असा नियम आहे. अंगाला तेवढा गारवा पुरतो. आजारी माणूस किंवा बाळंतीण त्या खोलीत ठेवावी.

थंड देशांतही लोकांनी हेच शिकले आहे. इंग्लंड-अमेरिकेत मोठी जुनी घरे उबदार ठेवायला तळघरात पाणी तापवतात आणि नळांनी ते खोल्याखोल्यांत फिरवतात. खर्च फार येतो. म्हणून जाणती माणसे आधी दारांच्या फटी बुजवतात, छपराखाली जाड थर घालतात, आणि मगच यंत्र घेतात. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन जमीन उबदार करण्याची जुनी रीत होती. देश कोणताही असो. आधी घर सुधारावे, मग यंत्र आणावे.

९. हिवाळा आणि शेगडी

थंडीत जाड भिंतीचे घर उपयोगी पडते. दिवसाची ऊब ते रात्री देते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडक्या दिवसा उघडा, ऊन आत येऊ द्या. दिवस मावळायच्या आत त्या लावून घ्या. दाराखालच्या फटीला जुने पोते लावा. जमिनीवर पोते आणि त्यावर सतरंजी अंथरा. थंडी जमिनीतूनही लागते.

पण एक गोष्ट कधीही करू नका. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले घेऊन बंद खोलीत झोपू नका.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. सकाळी दार उघडले तर घरचे सगळे गेलेले असतात. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे असे घडते. वरून राख दिसली तरी खाली निखारा जिवंत असतो. म्हणून झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर न्या. बाळंतिणीच्या खोलीतही हाच नियम. तिला शेक हवा असेल तर कोणी जागे असताना, खिडकी उघडी ठेवून द्या. न्हाणीघरातला गॅसचा बंबही बंद जागेत असाच घातक ठरतो.

असा माणूस आढळला तर आधी त्याला उघड्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका येते.

उन्हाळ्यातही हाच क्रमांक लक्षात ठेवा. अंग चटक्यासारखे तापले, माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात. त्याला सावलीत न्या. अंगावर पाणी घाला आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. डोक्यावरची टोपी आणि पोटातले पाणी अडवते.

लक्षात ठेवा

१. घर आधी वरून तापते. खर्च आधी छपरावर करा.
२. उन्हाळ्यात घर दिवसा बंद ठेवा, रात्री उघडा.
३. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी काढा.
४. पत्र्याला आणि स्लॅबला पांढरा चुना किंवा रंग द्या.
५. आधी प्लग काढा, मग कूलरमध्ये पाणी घाला.
६. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका.

करून पाहा

दोन सारखे डबे घ्या. एकाला चुना लावा, दुसऱ्याला काजळी. दोन्हींत सारखे पाणी भरा आणि झाकणे लावा. दोन तास उन्हात ठेवा. मग पाण्यात बोट घालून पाहा. कोणते पाणी जास्त तापले? तुमचे छप्पर कोणत्या डब्यासारखे आहे?

प्रश्न

१. पत्र्याला पापड आणि भिंतीला रोडगा का म्हटले आहे?
२. किल्लारीला माणसे कशामुळे गेली?
३. तुमच्या माळवदाची लांबी-रुंदी मोजा. एक इंच मातीचे ओझे किती क्विंटल होते, ते काढा.
४. कूलर खिडकीत का ठेवावा?
५. आबा, नातू आणि सूनबाई यांपैकी तुम्हाला कोणाचे म्हणणे पटले? का? पाच ओळी लिहा आणि घरी सर्वांना वाचून दाखवा.